बुधवारचं जवळ्यातलं चिकन

नांदेडात मला उशीर झाला तर तो कळणारा माणूस एकच होता, आणि तो चिकन तळायचा.

ऑफिसात मी वेळेवर गेलो काय नि अर्ध्या तासानं गेलो काय, कुणाचं काही अडत नव्हतं. घरी तर कुणी नव्हतंच. बायको आठ वर्षांपूर्वी गेली; म्हणजे आधी माहेरी गेली आणि मग कागदोपत्रीही गेली. त्यात तिची चूक किती नि माझी किती, हे सांगत बसलो तर बाकीचं सगळं राहून जाईल आणि माझं डोकं फिरेल ते वेगळंच. दोन खोल्या, एक गॅस, एक खुर्ची. खुर्ची एकच कशी, असं शेजारच्यांनी एकदा सहज विचारलं होतं. मी म्हणालो, बसणारा एकच आहे. तेव्हापासून ते काही विचारायच्या भानगडीत पडले नाहीत. माझं तोंडच तसं आहे.

पण एखाद्या बुधवारी संध्याकाळी मी स्टेशनच्या अलीकडच्या त्या रस्त्यावर गेलो नाही, तर पुढच्या बुधवारी तो गाडेवाला हातातला झारा थांबवून म्हणायचा, "मागल्या बुधवारी दिसला न्हाईत साहेब. बरं होतं ना?"

बस्स, एवढंच. एवढ्यासाठी मी तीन वर्षं जात होतो, असं आज म्हणतो. तेव्हा मला वाटायचं, मी चिकनसाठी जातोय.

चिकनही तसं साधंसुधं नव्हतं. गाडेवाला मुखेडकडचा. तरुणपणी सिंगापूरला बांधकामाच्या कामाला गेला होता. तिथं कामावरच्या लोकांसाठी एक म्हातारी चिनी बाई ठेला लावायची आणि कोळंबीच्या आंबवलेल्या लगद्यात भिजवून चिकन तळायची. पहिल्या दिवशी ह्याला तो वासच सहन झाला नाही, नाक धरून पुढं गेला. दुसऱ्या दिवशी भूक होती म्हणून खाल्लं. तिसऱ्या दिवसापासून रोज. "लई याड लावलं त्या बाईनं," तो सांगायचा. "भाषा ना तिची मला कळे ना माझी तिला. नुसतं ताट पुढं करायचं."

गावाकडं परत आल्यावर त्यानं गाडा टाकला, पण तसला लगदा नांदेडात आणायचा कुठून? मग त्यानं आपल्या आठवडी बाजारातला जवळा धरला. जवळा म्हणजे नखाएवढी वाळवलेली कोळंबी, पोत्यावर ढीग घालून विकतात ती. ती तव्यावर शेकायची, त्यात लसूण, मीठ, किंचित साखर, लिंबू, दोन वाळल्या मिरच्या, आणि पार लगदा होईपर्यंत पाट्यावर वाटायचं. त्यात चिकन सकाळपासून भिजवून ठेवायचं आणि संध्याकाळी पीठ लावून दोनदा तळायचं. गाड्यावर पाटी होती 'सिंगापुरी चिकन'. लोक त्याला 'वासाचं चिकन' म्हणत. वीस पावलांवरून नाकाला कळायचं की गाडा लागलाय. काही माणसं रस्ता ओलांडून पलीकडनं जात. आणि काही, माझ्यासारखी, त्या वासानंच ओढली जात. बाहेरचं कुरकुरीत पीठ मोडलं की आत मऊ, आणि घास गिळून झाल्यावर मागून एक खारट, उग्र चव येई ती बराच वेळ जिभेवर बसून राही. बाकड्याच्या टोकाला बसून मी ते सावकाश खायचो. घरी जायची घाई नव्हतीच.

आता खरी अडचण सांगतो. मी लिंगायत. लातूरला आमच्या अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, किराणा दुकान, आणि रेणापूरकडं थोडी शेती. आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नाही. आमच्यात लिंग, म्हणजे इष्टलिंग, गळ्यात असतं. मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांत जंगम, म्हणजे आमचे गुरू, येऊन ते बांधतात. मग ते शिवदारा नावाच्या दोऱ्यात, चांदीच्या डबीत, छातीवर कायमचं. माणूस गेला की त्याच्यासोबत मातीत जातं. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, पूजा करायची, आणि मगच तोंडात पाणी. ते अंगावेगळं झालं तर माणूस जिवंत असून नसल्यासारखा, असं लहानपणापासून कानावर पडलेलं.

आणि असा मी, कोंबडी खायला लागलो. का, तर रागानं. अण्णा सकाळ-संध्याकाळ पूजा करणारे, कुणाला कधी वजनात मारलं नाही, आणि जाताना सहा महिने अंथरुणावर अक्षरशः झिजले. त्यांचं सगळं आटोपून मी नांदेडला परत आलो तो बुधवार होता. माझा देवावर राग होता, घरच्यांवर होता, स्वतःवर तर होताच. खानावळीत जायचं सोडून मी त्या वासाच्या मागं गेलो आणि एक प्लेट मागितली. राग म्हणून खाल्लं. आवडलं, हे मात्र अनपेक्षित होतं. त्या दिवशी लिंग गळ्यातच राहिलं होतं, आणि पुढचे चार दिवस मला कशातच गोडी वाटेना. पण पुढच्या बुधवारी मी पुन्हा गेलोच. गाडेवाल्यानं ओळखलं. म्हणाला, "आलात का, बसा." मला 'बसा' म्हणून कुणी कितीतरी दिवसांत म्हणालं नव्हतं.

मग मी माझा स्वतःचा कायदा केला. बुधवारी ऑफिसातून आधी घरी यायचं. हातपाय धुवायचे, लिंग काढून देवापाशी ठेवायचं, मोकळ्या गळ्यानं गाड्यावर जायचं. परत आल्यावर डोक्यावरून आंघोळ, बोटांना बेसन नि लिंबू चोळायचं, आणि मग लिंग पुन्हा गळ्यात. देवाला घरी बसवून कोंबडी खायला जाणारा माणूस. हसू येतं ना? मलाही यायचं. पण हा कायदा मी तीन वर्षं एकदाही मोडला नाही.

ह्या सगळ्यात अव्वा होती. आमच्याकडं आईला अव्वा म्हणतात. अण्णा गेल्यावर ती लातूरला दादाकडं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडं राहायची. दादा-वहिनी वाईट नाहीत. पण त्यांचं दुकान, त्यांची पोरं, त्यांचा दिवस. अव्वा दर रविवारी फोन करायची. आधी माझं जेवण विचारायची, मग हवा-पाणी, आणि शेवटी, जणू आत्ताच सुचल्यासारखं, "येऊ का रं चार दिवस तुझ्याकडं?"

आणि मी काय सांगायचो? इथं पाण्याची लई अडचण आहे अव्वा. लातूरच्या बाईला मी पाण्याची अडचण सांगत होतो. जिच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, जिनं सगळा जन्म घागरी मोजून काढला, तिला. पुढच्या वेळी सांगायचो, तिसरा मजला आहे, जिना उभा आहे, तुझ्या गुडघ्यांना झेपायचा नाही. त्याच्या पुढच्या वेळी, शेजार भांडखोर आहे. पाणी एक दिवसाआड येत होतं. इमारतीला लिफ्ट होती. शेजारी इतके गरीब होते की माझं तोंडसुद्धा सहन करत होते.

ती आली असती तर मला सुख झालं असतं, हे मला कळत होतं. घरात कुणीतरी भांडं आपटलं असतं, कुणीतरी दार उघडलं असतं. पण मग बुधवार गेला असता. आणि लपवून जावं म्हटलं तर अव्वाचं नाक. ती नुसत्या वासावर सांगते की डाळ कालची आहे. तिला कळलं तर काय? मी भ्यालो होतो, हे सरळ सांगतो. म्हणून मी दर रविवारी तिला थापा मारल्या, आणि ती दर रविवारी म्हणायची, "बरं, ऱ्हाऊ दे मग. जेवत जा."

मग एक दिवस दादाचाच फोन आला. म्हणाला, "अव्वा जेवेना झालीय. नुसती खिडकीत बसते. विचारलं तर काही न्हाई म्हणते. शुक्रवारी तुझ्याकडं आणून सोडू का? तू न्हाई म्हणलास तर पुन्हा विचारणार न्हाई मी." त्याच्या आवाजात असं काही होतं की थाप तोंडात आलीच नाही. आण म्हणालो. कायमची आण, असंही म्हणालो. फोन ठेवला आणि मला पहिल्यांदा जाणवलं की मला किती हवी होती ती. बाजारात जाऊन मी दुसरी खुर्ची आणली.

शुक्रवारच्या आधी एक बुधवार होता. ठरवलं, शेवटची प्लेट. गाडेवाल्याला सांगायचं आणि संपवायचं. पण त्या दिवशी साहेबानं पाच वाजता एक फाइल माझ्या टेबलावर टाकली आणि मी निघेपर्यंत पावणेसात झाले. घरी जाऊन परत यायचं म्हटलं तर चिकन संपलेलं असतं. सरळ गाड्यावर गेलो. कायदा केल्यापासून पहिल्यांदा लिंग गळ्यात घेऊन.

गाड्याच्या मागं पाण्याचं पिंप होतं, तिथं हात धुताना मी ते काढलं. आता ठेवायचं कुठं? पँटच्या खिशात ठेवायचं नाही, कमरेच्या खाली ते जाऊ नये. शर्टाच्या खिशाला शाईचे नि तेलाचे डाग. बॅगेत चपलेची पिशवी होती. मग मला डबा आठवला. तीन खणांचा स्टीलचा डबा, दुपारीच ऑफिसात घासलेला, घट्ट झाकणाचा. वरच्या खणात स्वच्छ रुमाल अंथरला आणि त्यावर ते ठेवून झाकण लावलं. मला माझ्या हुशारीचं कौतुकही वाटलं. ह्याहून पवित्र जागा त्या रस्त्यावर दुसरी नव्हती, हे मी आजही म्हणेन.

दुसरा तुकडा तोंडात होता तेव्हा फोन वाजला. दादा. "कुठं हायस? आम्ही तुझ्या दारात उभारलाव. माझं इथं मालाचं काम निघालं, म्हटलं आजच सोडून जावं अव्वाला."

प्लेट तशीच टाकली. गाडेवाला म्हणाला, "काय झालं?" मी पिंपावर गेलो, साबण लावला, लिंबू चोळलं, चूळ भरली, बडीशेप तोंडात कोंबली आणि रिक्षात बसलो. शेवटची प्लेट आहे, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं.

अव्वा शेजाऱ्यांच्या दारात खुर्चीवर बसली होती, हातात चहाची कपबशी. वाळली होती. मला बघून उठली नाही, फक्त म्हणाली, "लिफ्ट हाय की रं तुझ्याकडं." बाकी काही नाही. मी तिच्या पाया पडलो, पण जरा लांबूनच. दादाला उशीर होत होता, त्यानं सामान आत ठेवलं, पाणी प्याला आणि गेला. मी म्हणालो, "अव्वा, लई घाम आलाय, आंघोळ करून येतो," आणि बाथरूममध्ये शिरलो.

दोन तांबे अंगावर घेतले आणि सवयीनं हात छातीवर गेला. गळा मोकळा. मग आठवलं कुठं ठेवलंय ते. आणि त्याच वेळी बाहेरून डब्याच्या झाकणाचा आवाज आला. अव्वा ज्या घरात जाईल तिथं आधी उष्टी भांडी शोधते. तिनं माझी बॅग उघडून डबा घासायला काढला होता.

मी तसाच ओला, टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. अव्वा फरशीवर बसली होती. डब्याचा वरचा खण तिच्यापुढं उघडा, त्यात रुमाल, रुमालावर माझं लिंग. तिनं त्याला हात लावला नव्हता.

"आप्पा, हे काय रं?" लाडानं ती मला आप्पा म्हणते.

शिवदारा तुटला, एवढं म्हणालो असतो तरी निभावलं असतं. तीन वर्षं खोटं बोलून मी सराईत झालो होतो. पण ती माझ्या बोटांकडं बघत होती आणि बोटांना जवळ्याचा वास होता.

"चिकन खाऊन आलो अव्वा."

ती ओरडली नाही. पदर नाकाला लावला नाही. विचारलं, "कधीपास्नं?"

"अण्णा गेल्यापासून. दर बुधवारी."

"पाणी येतंय की इथं. त्या शेजारणीनंच सांगितलं, दिवसाआड येतंय म्हणून. मला बसाय खुर्ची दिली तिनं, च्या दिला. भांडखोर हाय म्हणलास."

माझ्या अंगावरचं पाणी फरशीवर गळत होतं.

"म्हणजे ह्याच्यापायी बोलवत न्हवतास मला."

"हो."

मग ती जे बोलली ते माझ्याशी नव्हतं, त्या डब्याशी बोलावं तसं हळू बोलली. "मला वाटलं, मी नको झाले तुला. दर रविवारी फोन ठेवला की बसून आठवायची, माझं काय चुकलं. तुझी बायको गेली तवा मी तिची बाजू घेतली व्हती एकदा, ते मनात धरलंस, असं वाटलं. दादाच्या घरात मी पाऊलसुद्धा हळू टाकायची. म्हटलं, एका लेकाला तर जड झालेच, दुसऱ्याला होऊ नये."

अशा वेळी माणसं पाय धरतात, रडतात. मी टॉवेल धरून उभा राहिलो.

"दादाला सांग, घेऊन जा म्हणावं," ती म्हणाली.

दादाला पुढच्या गुरुवारपर्यंत सवड नव्हती. म्हणजे आठ दिवस. ते आठ दिवस अव्वा माझ्या घरात होती आणि मी इतका एकटा आधी कधी नव्हतो. ती पहाटे उठून पूजा करायची, भाकरी थापायची, डबा भरायची. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, मोकळं तरी झालं असतं. डब्याचा तो वरचा खण तिनं चिंचेनं घासून खिडकीत उपडा ठेवला, तो पुन्हा भरला नाही. मी दोन खणांचा डबा घेऊन ऑफिसात जायचो. नवी खुर्ची रिकामीच राहिली, ती भिंतीला टेकून खालीच बसायची.

मंगळवारी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "तिथं बसाय हाय का?"

आधी मला कळलंच नाही कुठलं विचारते ते. "बाकडं आहे," म्हणालो.

"आन कोण कोण आसतंय?"

"ओळखीचं कुणी नाही. गाडेवाला बोलतो. मी एखाद्या बुधवारी गेलो नाही तर पुढच्या बुधवारी विचारतो."

"काय?"

"बरं होतं ना, म्हणून."

तिचे हात थांबले. परातीतली भाकरी तशीच राहिली आणि तवा धुपायला लागला. मी गॅस बारीक केला.

बुधवारी मी ऑफिसातून सरळ घरी आलो. दुसऱ्या दिवशी ती जाणार होती, तिचं बोचकं बांधून दाराशी ठेवलेलं. तिनं पाय धुतले, भिंतीला टेकून मांडी घातली आणि डावा तळहात पुढं केला. "काढ. दे इकडं."

"मी नाही जाणार अव्वा."

"जा. तो वाट बघत आसंल. दुसऱ्याच्या लिंगाला हात लावू न्हाई म्हणतेत. पण भाजीच्या डब्यात पडन्यापरीस माझ्या हातावर बरं. तू येस्तोवर धरते मी."

रागानं म्हणाली की मायेनं, मला अजून ठरवता येत नाही. मी लिंग काढून तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं उजवा हात डाव्याखाली घेतला आणि डोळे मिटले. मी गेलो. आज तरी त्या माणसाला नीट सांगून यायचं, असं मनाशी म्हणत गेलो.

गाडेवाल्यानं मला लांबूनच पाहिलं. बसेपर्यंत प्लेट पुढं आली. "त्या दिवशी पळालात ते. बरं हाय ना सगळं?"

"आई आलीय."

"मग पार्सल बांधू का त्यांच्यासाठी?"

"तिला चालत नाही."

"ते म्हाईत हाय," तो म्हणाला. "तुमास्नी तरी कुठं चालतंय. गळ्याला दोऱ्याचा वण दिसतोय की. आमच्या मुखेडात शेजारी तुमचीच मान्सं हायत. मी म्हटलं, आसंल काहीतरी दुःख, आपण कशाला इचारा." आणि त्यानं कढईत पुढचे तुकडे सोडले.

तीन वर्षं मी लपवत होतो, आणि त्याला ते कधीचंच कळलं होतं. मी एक तुकडा उचलला. चव तीच होती, काही बदललं नव्हतं. पण घास फिरायला लागला. डोळ्यांपुढं तो तळहात येत होता. पंच्याहत्तरीच्या बाईचा हात असा किती वेळ सरळ राहतो, हा हिशोब डोक्यातून जाईना. मी प्लेट सरकवली. "पुढच्या बुधवारी येणार नाही," म्हणालो. "कधीच नाही बहुतेक."

"बरं," तो म्हणाला. "आईला जपा." मग झारा कढईवर टेकवून, माझ्याकडं न बघता म्हणाला, "इकडनं जाता-येता हात करत जा मातर."

घरी आलो, पिंपाच्या पाण्यानं धुतलेले हात पुन्हा धुतले, आंघोळ केली आणि तिच्यापुढं बसलो. मी गेलो तेव्हा होती तशीच ती बसलेली होती. डाव्या हाताचं मनगट तिनं उजव्यानं घट्ट धरलेलं. ओठ सुकले होते. पाण्याचा तांब्या तिच्यापासून दोन हातांवर होता, पण लिंग हातावर असताना उठणार कशी नि तांब्या उचलणार कशानं?

"लौकर आलास," ती म्हणाली. "मला वाटलं, दोन तास लागतील." म्हणजे ती दोन तास तशी बसायच्या तयारीनं बसली होती.

मी लिंग घेतलं, गळ्यात घातलं, तांब्या तिच्यापुढं केला. मनगटावरचा उजवा हात सुटेना, बोटं आखडली होती. ती एकेक करून मीच सरळ केली आणि तांब्या हातात दिला. मग फोन घेतला आणि दादाला लावला. "उद्या येऊ नको," म्हणालो. "अव्वाला मी ठेवून घेतोय."

"तिला इचारलंस का?" दादानं विचारलं.

फोन कानालाच होता. मी वळून म्हणालो, "अव्वा, ऱ्हातीस का माझ्याकडं?"

तिनं तांब्या तोंडाला लावलेला होता. सगळं पाणी संपवलं, पदरानं तोंड पुसलं.

"आत्ता इचारायलास व्हय," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.